परदेशी जाताना मासेमारीचे रॉड न्यावेत का, आणि तिथे हा छंद टिकतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक गृहस्थ नोकरीनिमित्त परदेशी चालले आहेत. बरोबर बायको आणि सात वर्षांची मुलगी. दोन ठिकाणांहून ऑफर आहे, त्यामुळे देश अजून ठरायचा आहे. लहानपणापासून गळ टाकत आलेत, घरात रॉडांचा बऱ्यापैकी साठा आहे. ते विचारतात: रॉड न्यायचे की विकून टाकायचे? तिकडे परवान्याची भानगड कितपत असते? आणि शेवटी, जरा चाचरतच, "की आता हे सगळं संपलं असं धरून चालायचं?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुढे देतेच, पण तुमचा खरा प्रश्न तिसरा आहे. मी कामासाठी दोनदा देश बदललाय आणि बरीच वर्षं एका क्लबात नवख्यांना शिकवते. त्या नवख्यांत निम्मे तरी खरे नवखे नसतात. बाहेरून आलेले, हात बसलेले, पण इथे काहीच लागत नाही म्हणून वैतागलेले लोक असतात. छंद सुटतो तो यांच्यापैकी काहींचा, आणि परवान्यामुळे सुटलेला मी जवळजवळ पाहिलेला नाही. घरी असताना लोक ज्याला विचारायला यायचे, त्याला इथे शेजारचा दहा वर्षांचा पोरगा मागे टाकतो. शनिवार फर्निचर जोडण्यात आणि शाळेचे फॉर्म भरण्यात जातो. मग माणूस म्हणतो, एकदा स्थिरस्थावर झालो की चांगली चार दिवसांची ट्रिप काढू. ती ट्रिप निघत नाही आणि रॉड कपाटामागे उभे राहतात.

म्हणून माझा सल्ला आधीच सांगून टाकते: पहिलं वर्षभर घराजवळचं एकच, लहानसं, कोणी फारसं नावाजत नाही असं पाणी धरा आणि तिथे कामाच्या दिवशी, थोड्या थोड्या वेळासाठी जात राहा. बाकी सगळं याच्याभोवती बसवा. देश, कामाचे तास, घरापासून पाण्याचं अंतर, गाडी आहे की नाही, यावर तपशील बदलतील. हा गाभा मात्र मी अजून तरी कुठे बदललेला पाहिला नाही.

आता कारणं सांगते.

आपल्याला मासेमारी येते असं आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक हाताची: गाठी, कास्ट (गळ लांब फेकणं), बोटाला जाणवणारा ठोका, मासा ओढत असताना ड्रॅग (रीलमधून दोरा सुटू देणारा ब्रेक) किती सैल ठेवायचा. ही तुमच्याबरोबर विमानात बसते. दुसरी पाण्याची: कुठल्या महिन्यात, कुठल्या वेळी, कुठल्या कोपऱ्यात, किती खोलीवर. ही मागेच राहते. अंधारात उठून स्वतःच्या स्वयंपाकघरात तांब्या बरोबर हाताला लागतो, तसं ते ज्ञान असतं. घर बदललं की हात भिंतीवर आपटतो. गंमत म्हणजे या दुसऱ्या गोष्टीला आपण "अंदाज" म्हणतो आणि श्रेय हाताला देतो. त्यामुळे नव्या ठिकाणी मासा लागला नाही की माणूस महागडा रॉड घेतो. हातात काही कमी पडलेलं नसतंच.

पाण्यात नेमकं काय बदलतं? तुम्ही उष्ण पाण्यातून थंड पाण्याकडे जात असाल (बहुतेकांचं तसंच होतं), तर सगळ्यांत मोठा फरक तापमानाचा. माशाचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा कारभार ढोबळमानाने निम्म्यावर येतो. पचन मंदावतं, भूक कमी होते, आमिषामागे धावणं परवडत नाही. हिवाळ्यात तो तोंडासमोर आलेलं उचलतो आणि जागचा हलत नाही. उष्ण पाण्यात तुम्ही ज्या घसघशीत ओढीची वाट बघता, ती इथे जानेवारीत येणार नाही. फ्लोटचं (दोऱ्याला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेचं) टोक दोन मिलिमीटर खाली जाईल, किंवा नुसतं एका बाजूला सरकेल. ते चावणं असतं. बाहेरून आलेल्यांना मी पहिल्या दिवशी एवढंच करायला लावते: फ्लोटखाली वजन इतकं वाढवा की पाण्यावर फक्त लाल ठिपका उरेल. चार-पाच मिलिमीटर टोक वर ठेवलंत तर हिवाळ्यातला मासा आमिष चाखून, थुंकून निघून जातो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

उलटी बाजूही आहे. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो: शून्य अंशाला लिटरमागे साधारण 14.6 मिलिग्रॅम, तीस अंशाला त्याच्या जवळजवळ निम्माच. ट्राउटसारखे मासे या भरपूर प्राणवायूवर वाढलेले असतात. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी वीस अंशांच्या पुढे गेलं की ट्राउटच्या मागे लागू नये. तो लागला तरी लढून इतका थकतो की सोडल्यावर तासाभराने मरू शकतो, आणि आपण मात्र सोडल्याच्या समाधानात घरी गेलेलो असतो. एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून जवळ ठेवा. माझ्या पिशवीतली सगळ्यांत उपयोगी वस्तू तीच आहे, आणि ती कोणी उसनी मागत नाही.

खोल तळ्यांचं गणित आणखी निराळं. पाणी सर्वांत जड असतं ते चार अंशांना. म्हणून थंड देशात हिवाळ्यात तळाला चार अंशांचं पाणी बसतं आणि त्याहून थंड पाणी वर राहून गोठतं. मासे तळाशी जातात. उन्हाळ्यात याच्या उलट, गरम थर वर आणि गार थर खाली, आणि मध्ये एक पट्टा जिथे तापमान झपकन उतरतं. त्या पट्ट्याखाली प्राणवायू बरेचदा संपत आलेला असतो. खोल टाकलं म्हणजे मोठा मासा, या हिशोबाने तुम्ही त्या थराखाली गळ सोडून बसलात तर दिवसभर बसाल. शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, वाऱ्याने सगळं ढवळून निघतं आणि त्या दिवसांत मासे कुठेही सापडतात. नवख्याने अशा वेळच्या यशावरून निष्कर्ष काढू नयेत.

समुद्राकाठी जाणार असाल तर तुमचं भरती-ओहोटीचं ज्ञान बऱ्यापैकी कामाला येईल. चंद्र तोच आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं, रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती. बदलतो तो पाण्याचा चढ-उतार. इंग्लंड आणि वेल्सच्या मधल्या ब्रिस्टल चॅनलमध्ये उधाणाला पाणी चौदा मीटरांपर्यंत चढतं-उतरतं. बाल्टिकमध्ये भरती जवळजवळ जाणवतच नाही. पहिल्या ठिकाणी खडकावर बसताना परतीची वाट आधी बघायची, दुसऱ्या ठिकाणी वारा बघायचा.

आता नियम. इथे मात्र "सगळीकडे साधारण असंच असतं" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. मी नवीन जागी तीन थर वेगवेगळे तपासते. पहिला, सरकारी परवाना लागतो का. दुसरा, त्या विशिष्ट पाण्याचा मालक किंवा क्लब कोण आणि त्याची परवानगी कशी मिळते. तिसरा, त्या पाण्याचे स्थानिक नियम: बंदीचा काळ, किती रॉड, कुठला गळ, कुठलं आमिष, मासा घरी नेता येतो का. लोक पहिला थर पार करून खूश होतात आणि दुसऱ्यात अडकतात.

काही उदाहरणं देते, म्हणजे पसारा लक्षात येईल. इंग्लंडमध्ये तेरा वर्षांपासून पुढे गोड्या पाण्यासाठी रॉडचा परवाना लागतो. सतरा वर्षं पूर्ण होईपर्यंत तो मोफत असतो, पण काढावा लागतोच. त्याशिवाय त्या पाण्याच्या मालकाची परवानगी हवीच. नद्यांवर 15 मार्च ते 15 जून ट्राउट आणि सॅमन वर्गाबाहेरच्या माशांसाठी बंदी असते, बहुतेक तळी आणि कालवे मात्र तेव्हा खुले असतात. समुद्रात गळ टाकायला हा परवाना लागत नाही. तिथून वर स्कॉटलंडमध्ये गेलात तर असा देशव्यापी परवानाच नाही, पण मालकाची परवानगी हवी, आणि रविवारी सॅमनला गळ टाकणं बेकायदा.

जर्मनीत बहुतेक राज्यांत आधी परीक्षा द्यावी लागते. मासे ओळखणं, पाण्याची जैविक माहिती, साहित्य, कायदा, मासा पकडल्यावर त्याला कसं मारायचं हे सगळं त्यात येतं. बहुतेक ठिकाणी परीक्षेआधी वर्गही असतो. परीक्षा होऊन ओळखपत्र मिळालं की मग त्या त्या पाण्याचं वेगळं परवानापत्र घ्यायचं. काही राज्यं पाहुण्यांना थोड्या मुदतीचा परवाना देतात. हे ऐकून लोक घाबरतात. मला विचाराल तर परदेशी आल्यावर भाषा शिकायला याहून चांगला वर्ग नाही. पंचवीस जण, सगळ्यांना एकाच विषयाचं वेड, आणि मधल्या सुट्टीत प्रत्येकाला स्वतःचा निसटलेला मासा सांगायचा असतो.

दुसऱ्या टोकाला नॉर्वे. तिथे समुद्रकाठावरून हातातल्या रॉडने मासे धरायला परवाना नाही. स्वीडनमध्ये किनारा आणि व्हेनर्न, व्हेटर्न यांसारखे पाच मोठे तलाव हातातल्या साहित्याला खुले. फिनलंडमध्ये साधी काठी, दोरा आणि गळ घेऊन बसलात किंवा बर्फाला भोक पाडून हाताने गळ सोडलात तर सहसा फी लागत नाही. रील लावून लूर (कृत्रिम आमिष) फेकायला लागलात की सरकारी फी. न्यूझीलंडमध्ये समुद्राला परवाना नाही, ट्राउटला आहे, आणि ट्राउट विकणं किंवा विकत घेणं बेकायदा. खायचा तर स्वतः धरा किंवा कोणी दिलेला खा. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा आणि तिथल्या रहिवाशाला तो बाहेरच्यापेक्षा स्वस्त. रहिवासी ठरायला किती काळ राहावं लागतं तेही राज्यागणिक बदलतं, म्हणून गेल्या गेल्या वर्षभराचा परवाना घेण्याआधी तेवढं विचारून घ्या. बऱ्याच राज्यांत जूनच्या सुरुवातीला विनापरवाना गळ टाकण्याचे एक-दोन दिवस असतात, मुलांना पहिल्यांदा न्यायला ते बरे.

यातली सर्वांत अवघड गोष्ट कागदावर दिसत नाही. ती म्हणजे मासा सोडायचा की ठेवायचा. इंग्लंडमधल्या बऱ्याच क्लबांच्या तळ्यांवर पकडलेला प्रत्येक मासा परत गेलाच पाहिजे. तुम्ही कार्प पिशवीत घातलात तर सदस्यत्व जाईल. स्वित्झर्लंडमध्ये बरोबर उलटं: सोडून देण्याच्या हेतूने गळ टाकणंच प्राणीसंरक्षण नियमांत बसत नाही. जर्मन कायदाही पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला इजा करायला सबळ कारण मागतो, आणि निव्वळ मजा हे ते कारण नव्हे. दोन्हीकडचे लोक स्वतःला दयाळू समजतात आणि पलीकडच्यांना क्रूर. एकाच्या मते माशाला मारायचं कशाला. दुसऱ्याच्या मते खायचा नव्हता तर त्याला टोचलंच कशाला. मी दोन्ही ऐकलंय आणि दोन्हींत तथ्य आहे असं मला वाटतं. नव्याने आलेल्याने हा वाद पाण्याकाठी उकरू नये. ज्या पाण्यावर आहात तिथला नियम पाळा, मत घरी बनवा.

साहित्याबद्दल लवकर सांगते. चार तुकड्यांचा एखादा प्रवासी रॉड, एक हलका रॉड आणि हाताला बसलेली दोन रीलं न्या, बाकी नेऊ नका. तुमचे जड रॉड तिथल्या पाण्याला योग्य असतीलच असं नाही, आणि कालव्यातल्या हाताएवढ्या माशाला जाड दोरा म्हणजे दोर दाखवून चोर पकडायला जाण्यासारखं. गळ आणि लूर चेक-इन सामानात ठेवा, हातातल्या पिशवीत नको. रॉड केबिनमध्ये चालतो का ते विमान कंपनीवर अवलंबून आहे. शिशाची वजनं मायदेशीच ठेवून जा: इंग्लंडमध्ये 1987पासून मधल्या आकारांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे, कारण हंस ती खड्यांबरोबर गिळून मरत होते, आणि इतरही काही ठिकाणी असे नियम आहेत.

वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार), बूट, लँडिंग नेट (मासा उचलायची जाळी) नेत असाल तर धुऊन पूर्ण वाळवून न्या आणि विमानतळावर जाहीर करा. न्यूझीलंडसारखे देश याबाबत कमालीचे काटेकोर आहेत. तिथे 2004मध्ये डिडिमो नावाचं शेवाळ नद्यांत सापडलं. ओलसर फेल्टमधून ते पसरू नये म्हणून फेल्टच्या तळव्याचे बूट गोड्या पाण्यात वापरायलाच बंदी आली. आमिष, माती, वाळवलेली गांडुळं असलं काहीही बरोबर नेऊ नका.

आता त्या जवळच्या पाण्याकडे येते, कारण खरी गोम तिथेच आहे.

पाणी निवडताना मी तीनच गोष्टी बघते. घरातून निघून गळ पाण्यात पडेपर्यंत अर्ध्या तासाच्या आत व्हायला हवं. तिथे लहान मासे भरपूर हवेत, मोठे नसले तरी चालतील. आणि काठावर बसायला सुरक्षित, सपाट जागा हवी, म्हणजे मुलीला आणता येईल. शहरात असाल तर कालवा, बागेतलं तळं, बंदराचा धक्का यांपैकी काहीतरी निघतंच. नावाजलेली सॅमनची नदी तीन तासांवर असेल तर ती पुढच्या वर्षी.

कालव्याचंच सांगते, माझं शिकवणं तिथेच चालतं. वरून बघितलं तर सपाट, मातकट, सगळीकडे सारखं पाणी. बाहेरून आलेला माणूस मधोमध फेकतो आणि बसतो. पहिल्या दिवशी मासे धरूच नका. गळाला शिशाऐवजी चालणारं मऊ वजन चिकटवा आणि फ्लोट वर-खाली सरकवत तळ मापा. काठापासून हातभर अंतरावर उथळ पायरी लागेल, मग पाणी घसरत जाईल, मध्ये बोटी जाऊन जाऊन कोरलेला खोलगट पट्टा, आणि पलीकडे पुन्हा पायरी. हे चार ठिकाणी करा आणि वहीत आडवा छेद काढा. रोच जातीचे मासे बहुतेकदा त्या खोल पट्ट्यात किंवा त्याच्या उतारावर सापडतात, पर्च जातीचे काठाला बांधलेल्या बोटींच्या सावलीला आणि पुलाच्या खांबाशी. पलीकडच्या झुडपाची फांदी जिथे पाण्याला टेकते तिथे कोणीतरी मोठं राहतं.

मग कान उघडे ठेवा. वरच्या अंगाला लॉकमधून (बोटी वर-खाली नेण्यासाठी कालव्यात बांधलेल्या दारांच्या हौदातून) पाणी सोडलं की काही वेळाने तुमचं थांबलेलं पाणी हळूच एका दिशेला सरकायला लागतं. वर तरंगणारी पानं आधी सांगतात. त्या सरकत्या पाण्यात तळाचा गाळ जरासा उठतो, किडे सुटे होतात आणि तासभर ढिम्म बसलेले मासे खायला लागतात. पाच-दहा मिनिटं. पुन्हा शांत. स्थानिक म्हातारे त्या वेळेला बोलणं अर्ध्यावर सोडतात, डबा बाजूला ठेवतात, आणि नवखा नेमका तेव्हाच आमिष बदलत असतो. बुडबुडेही वाचायला शिका. टाचणीच्या डोक्याएवढे बारीक, घोळक्याने फसफसणारे बुडबुडे येऊन हळूहळू पुढे सरकत असतील तर तळाशी टेंच मासा चरतोय. मोठे, सुटे, एकाच जागी येणारे असतील तर तो बहुधा कुजलेल्या पानांचा वायू, त्याच्या नादी लागू नका.

हे सगळं एका फेरीत कळत नाही. त्याच जागी उन्हात, पावसात, वाऱ्यात, लवकर, उशिरा गेल्यावर कळतं. दहा वेगवेगळ्या पाण्यांवर एकेकदा गेलात तर प्रत्येक वेळी पहिलाच दिवस असतो. आणि दुसऱ्या पाण्यावर जाल तेव्हा हा कालवा तुमच्या कामी येईल, कारण आता तुम्हाला काय विचारायचं ते माहीत असेल: तळ कसा आहे, पाणी कधी हलतं, सावली कुठे पडते.

रोजच्या आयुष्यात हे बसवायचं कसं? उजेडाचा हिशोब आधी करा. उत्तरेच्या देशांत उन्हाळ्यात संध्याकाळ लांबते. लंडनला जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी दिसतं. ऑफिस, जेवण, मुलीचा अभ्यास होऊनही दीड तास उरतो. तोच खरा तुमचा वेळ. डिसेंबरात तिथेच चारच्या आत सूर्य बुडतो आणि तुम्ही दिवसाउजेडी घरी पोचतच नाही. तेव्हा शनिवारी दुपारचे दोन तास, अकरा ते एक किंवा बारा ते दोन. पाणी दिवसभरात त्यातल्या त्यात तेव्हाच ऊब धरतं, त्यामुळे घरच्यांची सोय आणि माशांची भूक एकाच वेळेला जुळते. पहाटे पाचला उठून जाण्याची उष्ण प्रदेशातली सवय हिवाळ्यात काहीच देत नाही, सर्दी तेवढी देते.

पत्नीबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी बोलते. पहिल्या वर्षी तिच्याकडे बहुधा नोकरी नसेल, मैत्रिणी नसतील, आणि तुमच्याकडे निदान ऑफिस असेल. अशात रविवारी दिवसभर रॉड घेऊन गायब होणं तिला छंद म्हणून दिसत नाही. मी स्वतः या दोन्ही बाजूंना राहिले आहे, त्यामुळे ठामपणे सांगते: मोठ्या फेऱ्या कमी करा, वेळ आधी सांगा, आणि सांगितलेल्या वेळेला मासा लागत असला तरी उठा. तिच्याही आठवड्यात तेवढाच वेळ फक्त तिचा ठेवा, तुम्ही मुलीला सांभाळा. आठवड्याला दीड-दीड तासाच्या दोन फेऱ्या वर्षभर निघाल्या तर त्या कुठल्याही चार दिवसांच्या ट्रिपपेक्षा जास्त शिकवतात, आणि घरात कुणाचं तोंडही वाकडं होत नाही.

एकटेपणा घालवायला म्हणून गळ टाकू नका असं काही लोक सांगतात. मी तसं म्हणणार नाही. नव्या देशात पाण्याकाठ ही अशी जागा आहे जिथे एकटं बसलेल्याकडे कोणी विचित्र नजरेने बघत नाही, आणि बोलायला विषय तयार असतो. "काही लागलं का?" एवढं कुठल्याही भाषेत लवकर शिकता येतं. त्यापुढे स्थानिक माणसाला फ्लोट किती खोलीवर लावलाय ते विचारा. मासे कुठे आहेत ते विचारू नका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोक आनंदाने, जरुरीपेक्षा लांब देतात. दुसऱ्याने गप्प होतात. त्यांच्या जागेच्या शेजारी बसायच्या आधी विचारा, मागून चालताना पाय हलके टाका, आणि तुमचा दोरा किंवा पिशवी काठावर राहू देऊ नका. बाहेरून आलेल्या एकाने कचरा टाकला तर तो सगळ्या बाहेरून आलेल्यांच्या नावावर जमा होतो. अन्याय आहे, पण आहे. मात्र काठावर बसूनही मन वर येत नसेल, आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, तर ते गळाच्या आवाक्यातलं काम नाही. डॉक्टरकडे जा.

मुलीला पहिल्या वेळी नेताना तुमचा रॉड घरी ठेवा. दोन रॉड सांभाळायला गेलात की तिचा दोरा गुंततो आणि तुमचा मासा सुटतो. तिला रील नसलेली छोटी काठी द्या, गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका (तिच्या बोटात घुसला तर सहज निघतो, माशालाही बरं), आणि हातभर पाण्यात पर्च धरू द्या. पर्च मोठं तोंड उघडून आमिष घेतो, बारक्या मुलांवर मेहेरबान असतो. फक्त त्याच्या पाठीचे काटे उभे असतात, ते आधी दाखवा. हात ओले करून मग मासा धरायचा, नाहीतर त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. मुलं हा नियम मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात. ती चाळीस मिनिटांत कंटाळली तर चाळीस मिनिटांत घरी.

थंड पाण्याची एक गोष्ट मात्र मी दरडावून सांगते. पंधरा अंशांखालच्या पाण्यात माणूस अचानक पडला की पहिल्या मिनिटभरात श्वास आपोआप हिसक्याने आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पोहता येणारेही बुडतात. पडलातच तर हातपाय मारायच्या आधी पाठीवर तरंगा, श्वास ताब्यात येऊ द्या, मग काठ बघा. बोटीवर किंवा धक्क्यावर असाल तर फ्लोटेशन जॅकेट अंगात हवं, पिशवीत नको. मुलीच्या अंगात तर काठावरही हवं. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, म्हणून वरून तारा जात असतील तिथे रॉड उभा करू नका, वादळ कडाडलं की खाली ठेवा. बर्फावर पहिल्या हिवाळ्यात एकट्याने जायचं नाही, स्थानिक माणसाच्या मागूनच जायचं.

राहिला तुमच्या जुन्या रॉडांचा प्रश्न. दोन बरोबर न्या, म्हणजे तो प्रवासी आणि एखादा हलका. जे खरंच कधी वापरत नाही ते विका. आणि तुमच्या नेहमीच्या पाण्यावरचा, हाताला सवयीचा रॉड विकू नका. तो तिथल्या एखाद्या मित्राकडे ठेवा, पण त्याला वापरायची मोकळीक देऊन ठेवा. रील नुसतं पडून राहिलं की आतलं ग्रीस घट्ट होतं, नायलॉनच्या दोऱ्याला वेटोळ्यांची सवय लागून तो ठिसूळ होतो, आणि सुट्टीला आल्यावरचा पहिला दिवस दुरुस्तीत जातो. मित्राला एवढंच सांगा की वर्षातून एकदा दोरा बदल.

देश ठरला की आधी राज्य किंवा प्रांत कोणता ते बघा, मग घर शोधताना नकाशात निळ्या रेघा बघा. भाड्याचं घर बघायला जाल तेव्हा शाळा आणि स्टेशनबरोबर पाण्यापर्यंतचं चालायचं अंतरही मोजा, आणि तेही पत्नीला उघड सांगून.